घरात अंडं आणायचं की नाही? आधी कारण ठरवा, मग पर्याय

गावात हा प्रश्न बहुतेक वेळा बाहेरून घरात येतो. तालुक्याचे डॉक्टर सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट बघून "अंडी सुरू करा" म्हणतात. शाळेतून पोरगं "अंडं पाहिजे की केळं, मॅडमनं विचारलं" म्हणत येतं. नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारा लेक एक दिवस अख्खा ट्रेच उचलून आणतो. इकडे आजीच्या गळ्यात तुळशीची माळ असते. मग दोन दिवस घरात कुरबुर चालते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंततात. अंडं नको असण्याचं कारण ही एक, आणि अंड्याकडून आपल्याला नेमकं काय काम हवंय ही दुसरी. त्या सोडवून घेतल्या की अर्धं भांडण तिथेच मिटतं. अंडं ताटात चार-पाच कामं करतं: प्रोटीन देतं, बी-१२ देतं, कटलेट बांधून ठेवतं, केक फुगवतं. ही सगळी कामं एकट्याने करणारी दुसरी वस्तू नाही. एकेका कामाला मात्र वेगळी वस्तू मिळते, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याच वावरात पिकतात.

पहिली पायरी: नको, तर नेमकं कशासाठी नको?

घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा. उत्तरं सारखी येत नाहीत.

माळकरी माणसाचं, महानुभाव पंथातल्या घराचं किंवा जैन कुटुंबाचं उत्तर सरळ असतं: आमच्यात चालत नाही. तिथे पोषणाचे आकडे मांडून वाद घालण्यात अर्थ नाही. थेट तिसऱ्या पायरीवर जा आणि पर्याय नीट उभा करा.

"त्यात जीव असतो" हे कारण असेल, तर थोडं थांबून बघण्यासारखं आहे. दुकानात ट्रेमध्ये येणारी पांढरी अंडी पोल्ट्री फार्मची असतात. तिथे अंड्यावरच्या कोंबड्यांमध्ये कोंबडा ठेवतच नाहीत. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं घालते, आणि त्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे लिहिलं, त्यात हा मुद्दा आहे. ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी, असं त्यांनी म्हटलं होतं. सेवाग्रामच्या आसपासच्या लोकांनाही हे सांगितलं की आश्चर्य वाटतं.

अंगणातल्या गावरान कोंबड्यांचं वेगळं. तिथे कोंबडा फिरत असतो, त्यामुळे अंडं फलित असण्याची शक्यता मोठी. फलित अंडंही थंड जागी तसंच पडून राहतं. पिल्लू व्हायला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब एकवीस दिवस लागते. पण आपल्याकडचा मे महिना आठवा. चंद्रपूर, अकोला, नागपूरला पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, आणि टिनाखालच्या टोपल्यात राहिलेल्या फलित अंड्यात कोंबडी न बसताही वाढ सुरू होऊ शकते. फोडल्यावर बारीक लाल शिरांचं जाळं दिसतं ते त्याचंच. (नुसता एखादा रक्ताचा ठिपका असेल तर तो वेगळा. तो अंडं तयार होताना कोंबडीच्या अंडाशयातली बारीक शीर तुटल्याने येतो आणि निर्जीव अंड्यातही असतो.)

म्हणजे जिवाच्या कारणाने नको म्हणणाऱ्याला फार्मचं अंडं जास्त निर्धोक, आणि आपण ज्याला शुद्ध समजतो ते गावरान अंडं जास्त शंकेचं.

आता "कोंबडीचे हाल होतात म्हणून नको" म्हणणाऱ्याचं बघा. त्याचं गणित बरोबर उलटं निघतं. मोठ्या फार्मवरची कोंबडी सहसा तारेच्या पिंजऱ्यात असते, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि दीडेक वर्षात उत्पादन उतरलं की मांसासाठी विकली जाते. हॅचरीत अंड्याच्या जातीचे नर पिल्लू कामाचे नसतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जातात. अंगणातली गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, पण उकिरडा उकरत मोकळी हिंडते. हालांचा विचार करणाऱ्याने अंडं शेजारणीच्या अंगणातलं घ्यावं. दोन्ही कारणं एकाच माणसाची असतील तर सरळ पर्यायाकडे वळावं, उगाच मधला मार्ग शोधत बसू नये.

वास सहन होत नाही, हे कारण लोक लाजत सांगतात. तेही पुरेसं कारण आहे. कोणाला अंडं खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा लहान बाळाला लगेच उलट्या होत असतील, तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी "सवय होईल" म्हणून परत परत खाऊ घालू नका, डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

दुसरी पायरी: कोणासाठी ठरवताय?

डॉक्टरांनी "अंडी खा" म्हटलं की त्यांना एकच प्रश्न विचारा: "कशासाठी? प्रोटीनसाठी, बी-१२ साठी की रक्तासाठी?" उत्तरावर पर्याय बदलतो.

रक्त कमी म्हणून सांगितलं असेल, तर अंड्यावर फार भिस्त ठेवू नका. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमच्याही आत असतं आणि ते अंगी नीट लागत नाही. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या नियमित घेणं, जेवणात हरभरा, तीळ, पालेभाजी आणि वरून लिंबू, आणि जेवणानंतर तासभर चहा बंद, हे त्याहून कितीतरी जास्त कामाचं आहे. चहाची अट आपल्याकडे सगळ्यात अवघड जाते. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे, तेव्हा कारण न तपासता नुसतं खाणं वाढवून रक्त वाढण्याची वाट पाहू नये.

टीबीच्या रुग्णाला प्रोटीन खरंच वाढवावं लागतं. त्याला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). अंडं खात नसेल तर ते पैसे डाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे), दूध, सोयावडी यांवरच जातील हे घरच्यांनी बघावं.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला, घरात चालत असेल तर, पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून थोडं थोडं देता येतं. चालत नसेल तर घट्ट वरण-भात द्या. वरणाच्या वरचं पाणी नको. त्यात डाळ जवळजवळ नसतेच, आणि बाळाला डाळ दिल्याचं समाधान मात्र आईला मिळतं.

भरतीच्या पोरांना स्पष्ट सांगा: कच्ची अंडी दुधात घोळून पिण्याने ताकद वाढत नाही. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन निम्म्याच्या आसपासच पचतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या घरात. वर साल्मोनेला जंतूंचा धोका, म्हणजे मैदानी चाचणीच्या आदल्या आठवड्यात जुलाब.

मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी रोज किती खायची हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं पिवळ्यात. धडधाकट माणसाला रोज एक अंडं सहसा बाधत नाही. किडनीच्या रुग्णाने अंडंही आणि खाली सांगितलेले पर्यायही स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

शाळा-अंगणवाडीचं थोडक्यात. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. तिच्यात अंगणवाडीतल्या मुलांना अंडी आणि न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय आहे. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडं किंवा केळं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागावर सोपवलं. केळं वाईट नाही, पण ते अंड्याच्या जागी बसत नाही. एका केळ्यात प्रोटीन जेमतेम ग्रॅमभर, बी-१२ शून्य. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर न खाणाऱ्या मुलांसाठी फुटाणे किंवा फल्लीदाण्याची चिक्की सुचवा.

तिसरी पायरी: ताटातला हिशोब

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. तेवढंच मिळायला यातलं काहीही एक चालतं: तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाणे, त्याहून थोडे कमी फल्लीदाणे, तीस ग्रॅम कच्ची डाळ शिजवून, पेलाभर दूध, किंवा अवघी बारा ग्रॅम कोरडी सोयावडी. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला पंचेचाळीसेक ग्रॅम लागतं. त्यामुळे एक अंडं खाल्लं काय नि न खाल्लं काय, बाकीचं ताट रिकामं असेल तर भागत नाही.

डाळीचं प्रोटीन अंड्यापेक्षा थोडं अपुरं असतं हे खरं. पण ज्वारीत जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. आपल्याकडचं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, म्हणूनच पूर्ण जेवण आहे, फक्त चून घट्ट पाहिजे. पाहुणे आले की पाणी वाढवून जे होतं ते हिशोबात धरू नका.

पैशाचा हिशोब स्वतःच करा, भाव रोज बदलतात. एका अंड्याच्या किमतीला ६ ने भागा. सोयावडीच्या किलोच्या भावाला ५२० ने, चणाडाळीच्या भावाला २१० ने, फल्लीदाण्याच्या भावाला २५० ने भागा. एक ग्रॅम प्रोटीन कशात किती पैशाला पडतं ते समोर येईल. बहुतेक आठवडी बाजारांत सोयावडी पहिली येते.

बी-१२ हा खरा अडसर आहे. तो कुठल्याही डाळीत, भाजीत, जवसात किंवा तिळात नसतो. अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो, गरज रोजची दोनच्या थोडी वर. पेलाभर दुधातून किंवा दह्यातून एकेक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतो, म्हणून दिवसाला दोन पेले दूध-दही घेणाऱ्या माणसाचं अंड्याशिवाय चालून जातं. चहातलं दूध यात मोजू नका. दूधही सोडलं असेल तर गोळी घ्यावीच लागते. तळपायाला मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, सतत थकवा, विसराळूपणा अशी लक्षणं असतील तर रक्त तपासून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत बी-१२ कमी होण्याची शक्यता जास्त असते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या वाचकांसाठी एक सावधगिरी. स्वस्त म्हणून अंड्याच्या जागी रोज लाखोळीची डाळ लावू नका. अधूनमधून, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून, इतर डाळींसोबत ठीक. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

चौथी पायरी: वावरातलं सोयाबीन ताटात आणा

अर्धा विदर्भ सोयाबीन पेरतो, सगळं पोतं मोंढ्यावर नेतो आणि परत येताना दुकानातून सोयावडीचं पाकीट आणतो. हे मला कधीच पटलेलं नाही. दहा-पंधरा किलो घरी ठेवायला काय हरकत आहे?

आधी एक इशारा. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीच खाऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बहुतेक वेळा त्याचा रंगही दिसतो. धुऊन ते जात नाही. खायचं सोयाबीन मळणीनंतर वेगळं काढून ठेवायचं.

कच्चं सोयाबीन दळून पिठात घालणं हा दुसरा घोळ. त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच जातात. पोरांचं पोट फुगतं ते यामुळेच, आणि मग सोयाबीन बदनाम होतं. दाणे निवडून धुवा, उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळा, निथळून कडक उन्हात खणखणीत वाळवा. मग नऊ किलो गव्हाला किंवा ज्वारीला एक किलो या मापाने मिसळून चक्कीवर द्या. यापेक्षा जास्त घातलं तर पोळीला वास येतो आणि घरचे दुसऱ्या दिवशी नावं ठेवतात.

भुर्जी हवी असेल तर सोयाबीनचं पनीर करा. पाव किलो दाणे रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, दोन लिटर पाण्याबरोबर मिक्सरमध्ये बारीक वाटून फडक्यातून गाळा. हे दूध मोठ्या गंजात (पातेल्यात) दहा-पंधरा मिनिटं उकळा. ते फार फसफसतं, म्हणून गंज अर्धाच भरा आणि ढवळत राहा. उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा, दोन लिंबांचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घाला. फाटलं की फडक्यात बांधून वर पाटा ठेवा, तासाभरात वडी बसते. हाताने कुस्करून कांदा, टमाटर, हिरवी मिरची, हळद घालून परता आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. उरलेला चोथा फेकू नका, तो शिजवलेला नसतो, पण वड्यांत किंवा मुठ्यांत घालून नीट शिजवला की चालतो.

पाचवी पायरी: स्वयंपाकातली अदलाबदल

ऑम्लेटच्या जागी बेसन. वाटीभर बेसनाला पाऊण वाटी पाणी, दोन चमचे दही, ओवा, हळद, बारीक कांदा, मिरची, सांबार. पंधरा मिनिटं मुरू द्या, तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवा. अंड्याचा वास हवा असेल तर पादेलोण, म्हणजे काळं मीठ. त्यातल्या गंधकामुळे तो वास येतो. मात्र ते शेवटी वरून भुरभुरायचं, आधीपासून शिजवलं की वास उडून जातो. ज्यांनी वासासाठीच अंडं सोडलंय त्यांनी अर्थातच हे घालू नये.

अंडाकरीला आपल्याकडे पर्याय शोधायलाच नको. पाटवडीचा रस्सा आहे, मुंगवड्यांची भाजी आहे. तेच वाटण, तीच तर्री.

कटलेट, कबाब बांधायला उकडलेला आलू, भिजवलेले पोहे किंवा चमचाभर बेसन पुरतं. घरी बिस्किटं, पॅनकेक करत असाल तर जवस वापरा: एका अंड्यामागे एक मोठा चमचा दळलेला जवस आणि तीन चमचे पाणी, दहा-पंधरा मिनिटांत बुळबुळीत होतो. चटणीसाठी भाजलेला नको, कच्चाच दळा. भाजल्यावर तो तेवढा चिकट होत नाही.

स्पंज केकला मात्र जवस लावू नका, केक दडस होतो. तिथे एका अंड्यामागे पाव कप दही घाला. दोन-तीन अंड्यांच्या केकला मिळून अर्धा चमचा खायचा सोडा पुरतो. केळं कुस्करून घातलं तरी जमतं, पण मग तो केळ्याचाच केक होतो. अंड्याचा पांढरा फेस हवा असलेल्या प्रकारांना काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी थंड करून फेटतात. हे होतं खरं, पण हाताने फेटत बसण्याइतका दम असावा लागतो. चारपेक्षा जास्त अंडी लागणारी कृती असेल तर पर्याय शोधण्यापेक्षा दुसरी कृती शोधा.

खायचं ठरलं, तर

पूर्ण शिजवून खा, पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. नीट शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही. कोंबड्या अचानक मरू लागल्या असतील तर त्या अंगणातली अंडी खाऊही नका, विकूही नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

ताजेपणा पाण्यात बघा: तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेका. उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर ट्रे आणू नका, दोन दिवसांपुरती आणा आणि माठाजवळच्या गार जागी ठेवा. धुवायची असतील तर वापरायच्या वेळीच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि पिवळ्याचा रंग तिच्या खाण्यावर. तपकिरी अंड्याला दुप्पट पैसे पौष्टिक म्हणून देत असाल तर देऊ नका. मोकळ्या कोंबडीसाठी देत असाल तर द्या.

एका घरात दोन्ही असेल, तर

हा भाग आकड्यांनी सुटत नाही. वेगळा तवा, वेगळं पातेलं, आणि शक्य असेल तर मागच्या अंगणातली चूल किंवा शेगडी. भुर्जीचा वास घरभर फिरतो, उकडलेल्या अंड्याचा तेवढा नाही, म्हणून सुरुवात उकडण्यापासून करा. एकादशी, श्रावण, महालक्ष्म्यांचे दिवस आणि घरातले वार आधीच ठरवून टाका. आजींना न विचारता परस्पर ठरवू नका. गरोदर सुनेसाठी किंवा नातवासाठी आहे हे नीट सांगितलं की बऱ्याच आजी "मागच्या अंगणात करा बाप्पा, मले नका सांगू" म्हणतात, आणि ती परवानगीच असते.

उलट बाजूनेही तेच. न खाणाऱ्याला केकमधून, कटलेटमधून गुपचूप खाऊ घालू नका, त्याच्या भल्यासाठी असलं तरी. आणि खाणाऱ्या पोराला पंगतीत टोमणे नकोत.

विकतच्या पदार्थांवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर त्यात अंडं नाही. कायद्याने अंडं मांसाहारात धरलं आहे, त्यामुळे अंडं असलेल्या पाकिटावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, जुन्या पाकिटांवर ठिपकाही दिसे. दूध आणि मध हिरव्या खुणेतच येतात. तालुक्याच्या बेकरीतल्या सुट्या मालावर कुठलीच खूण नसते. तिथे नानकटाई, खारी घेतानासुद्धा विचारा, आणि वाढदिवसाचा केक सांगताना "बिना अंड्याचा" हे पावतीवर लिहून घ्या.